पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

अंबा नदी सह्याद्रीत खोपोली-खंडाळ्याच्या रानात उगम पावते, जांभूळपाडा, पाली, नागोठणे करीत खाली येते आणि धरमतरपाशी पोहोचेपर्यंत तिची खाडी होऊन ती भरती-ओहोटीच्या स्वाधीन झालेली असते. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट धरमतरला लागे आणि बोचकी सावरीत उतारू पुढच्या मोटारीकडे धावत. आता खाडीवर पूल आहे, डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल घेऊन बार्जेस ये-जा करतात, आणि वडखळहून अलिबागेस भरधाव जाणाऱ्या माणसाला खाडी आली केव्हा नि गेली केव्हा याचा पत्ताही लागत नाही. पण ज्याला इतिहासाची थोडीशी जरी खोड आहे त्याला या गढूळ पाण्याकडे पाहताना हे विसरता येत नाही की, फेब्रुवारी १६६१ मध्ये याच नदीच्या माथ्याशी, चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत, शाइस्ताखानाने घाटाखाली धाडलेली कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडून धरली, आणि अखेर शस्त्रे व सामान तेथेच टाकून खानाला माघारी जावे लागले.

ही लढाई माझ्या घरी एका जुन्या पाटाएवढ्या जागेत मांडलेली आहे. डोंगर भुशाचे, झाडी वाळलेल्या शेवाळाची, आणि सैनिक तळव्यापासून डोळ्यांपर्यंत अवघे २८ मिलिमीटर उंचीचे. अशा पुतळ्यांनी युद्धाचे डाव खेळण्याचा नाद पश्चिमेकडचा खरा. प्रशियाच्या राइस्विट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घडविला, विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतून ते पोरांच्या हाती दिले, आणि एच. जी. वेल्ससारख्या जाणत्या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून, प्रौढांनी जमिनीवर पालथे पडून खेळण्यास एक प्रकारची प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि आपल्याकडे दिवाळीत अंगणाअंगणातून जो किल्ला उभा राहतो, ज्याच्या उतारांवर हळीव पेरतात आणि ज्याच्या बुरुजांवर मातीचे मावळे उभे करतात, तो पाहिलेल्या माणसाला हा नाद परका वाटण्याचे कारण नाही. त्या किल्ल्यावरची गवळण महादरवाजाहून उंच असते, वाघ तोफेपेक्षा मोठा असतो, आणि भाला घेतलेल्या सर्व मावळ्यांच्या मिशा एकाच फटकाऱ्यात ओढलेल्या असतात. परंतु त्या विसंगतीने कोणाचे कधी काही बिघडलेले नाही.

रंगविण्याची विद्या मात्र मी पेणमध्ये पाहिली. पेण आणि त्याच्या भोवतालची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींनी नांदतात. पावसाळा तोंडावर आला की तेथल्या कारखान्यांतून पांढऱ्या मूर्तींच्या रांगा रंगाची वाट पाहत बसलेल्या दिसतात. अंगाचा रंग, पीतांबर, दागिने यांची कामे वाटून दिलेली असतात. पण डोळ्यांची आखणी कोणाच्याही हाती देत नाहीत. ते काम ज्याचे, तो कारागीर श्वास धरून कुंचला टेकवतो, आणि तोवर नुसती माती असलेली मूर्ती समोरच्या माणसाकडे पाहू लागते. मी बोटभर शिपायाचे डोळे रंगवायला बसलो तेव्हा त्या आखणीचा काहीच उपयोग झाला नाही. कारण येथे डोळा म्हणजे एक ठिपका. तो किंचित वर गेला की शूर शिपाई भेदरलेला दिसतो, आणि दोन्ही ठिपके सारखे उमटले की तो काहीसा मूर्ख दिसतो. शहाणा रंगारी तेथे डोळे काढीतच नाही. तो भुवईखालची सावली काढतो आणि डोळ्यांचे काम पाहणाऱ्यावर सोपवितो.

सावली काढावी लागते, ही गोष्ट समजायला मला बराच काळ लागला. खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत उजेड स्वतःच अडतो आणि अंधार आपोआप साचतो. बोटभर माणसाच्या चुणीत अंधार साचण्याइतकी खोलीच नसते. म्हणून प्रथम अस्तराचा रंग द्यावयाचा, त्यावर मूळ रंग, मग पातळ काळपट रंग असा सोडावयाचा की तो उंचवट्यांवरून ओघळून खाचांत थांबेल, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवावयाचा. एरवी सूर्य जे काम फुकट करतो ते येथे हाताने करावे लागते. आणि हे सारे नीट जमले म्हणजे पाहणाऱ्याला वाटते की यात रंगाऱ्याने काही केलेलेच नाही.

पण खरी अडचण रंग कसा द्यावा ही नसून कोणता द्यावा ही आहे. नेपोलियनच्या किंवा इंग्रजांच्या पलटणी रंगविणारा माणूस सुखी असतो. डगला लाल की निळा, त्याच्या गळ्या-बाह्यांची पट्टी कोणत्या रंगाची, हे सर्व सरकारी दफ्तरात नमूद असते. शिवकालीन फौजेला तसा गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे आणी, आणि अंगावरचे वस्त्र ज्याच्या त्याच्या ऐपतीचे. मनूचीच्या संग्रहातले, मीर महंमदाने काढलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात आजूबाजूला चालणारी माणसेही दिसतात, पण चित्रकार मोगली वळणाचा, म्हणून त्याच्या पाग-जाम्यावर किती विसंबावे हा प्रश्न उरतोच. वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र उजेडात आणीपर्यंत प्रत्यक्ष महाराजांचे म्हणून भलत्याच माणसाचे चित्र महाराष्ट्रभर मिरवत होते. मग पाइकाच्या मुंडाशाची चौकशी कोण करणार? बखरकाराला ‘फौज चालून गेली’ एवढे लिहून पुढे जाता येते. कुंचल्याला ती सवलत नाही. त्याला प्रत्येक माणसापाशी थांबून, या इसमाचा कमरबंद कोणत्या रंगाचा, असे विचारावेच लागते. हल्ली चित्रपटांतून सगळी फौज एकाच भगव्यात न्हाऊन निघालेली दिसते. ते शोभिवंत असेल, पण मला पटत नाही. निशाण भगवे असो. माणसांना मी मांजरपाटाचा मळकट पांढरा, मंजिष्ठेचा विटका तांबडा, निळीचा धुऊन उडालेला निळा, असे रंग वाटून देतो, आणि एकासारखा दुसरा होणार नाही याची काळजी घेतो.

राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणाऱ्या सभासदाने घोडदळाची मोजदाद देताना पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांस एक जुमलेदार, दहा जुमलेदारांस एक हजारी अशी उतरंड सांगितली आहे, आणि त्याच ओघात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असावा हेही नोंदून ठेविले आहे. त्या दोन शब्दांनी माझ्या मेजावरच्या सैन्याची कळाच बदलली. विकत मिळणाऱ्या पुतळ्यांत तलवार उगारलेले वीर वाटेल तितके. नाल ठोकायला वाकलेला माणूस कोणी ओतीत नाही. तो मी मोडक्या भालाइताचे हात कापून, मेणाने नवे जोडून तयार केला. पखालजीची पाणी वाहण्याची पखाल कातडी. ती ओली असताना काळपट आणि काठाशी वाळलेली असताना बदामी दिसते, हे साधण्यात जितका वेळ गेला तितका खानाच्या जरीच्या जाम्यावरही गेला नाही. रायबागनीला मात्र मी जरी दिली नाही. मोगल दरबारचा किताब मिळविलेली, माहूरच्या देशमुखीतली ती कर्ती स्त्री खानाच्या सैन्याबरोबर या खिंडीत होती, आणि शरण जाण्याचा सल्ला तिचाच असे सांगतात. तिला मी गडद हिरवे लुगडे नेसविले आणि घोड्यावर बसविले. चेहऱ्यावर केवळ एक सावली ठेविली.

आता या लढाईत डाव म्हणून एक मोठी खोट आहे. खान घाट उतरून अडकलेला, दोन्ही तोंडे बंद, वरून गोळ्या, बाण आणि दगड. फासे कसेही पडोत, निकाल ठरलेला. म्हणून मी नियम केला की, खानाच्या बाजूने खेळणाऱ्याने किती माणसे वाचवून शरणागती पत्करली त्यावर त्याचे गुण मोजावेत. माझा पुतण्या खान होऊन बसला. मी रायबागनीचा सल्ला त्याला यथोचित गांभीर्याने वाचून दाखविला.

“काका, ती म्हणते ते खरं आहे,” तो म्हणाला, “पण तिचं ऐकलं की खेळ संपतो.”

आणि त्याने तलवारवाल्यांपैकी एकालाही हात न लावता, पहिल्याच खेपेस पखालजीला उचलून नदीकडे चालविले. पाण्यासंबंधी आमच्या नियमांत एक अक्षरही नव्हते. पखालजी ओढ्यापर्यंत पोहोचला तर फौज किती डाव तग धरील, आणि त्याच्यावर बाण सोडणे रीतीला धरून होईल की नाही, यावर तास-दीड तास वाद झाला. दरम्यान वहिनीने जेवणासाठी मेज रिकामे करायला सांगितले, म्हणून खिंड आहे तशी पाटासकट उचलून माडीवर नेली आणि पाण्याचे कलम वहीत कच्चे लिहून ठेविले.