शेजारच्या सीटला विचारा

‘आपल्याला गाडी चालवताना झोप येतच नाही यार!’ असं छातीठोकपणे सांगणारे किती जण तुमच्या ओळखीचे आहेत? माझ्या यादीत पहिला नंबर माझ्या दादाचा.

दादा जालन्यात राहतो. बियाण्यांच्या एका कंपनीत सेल्सला आहे. म्हणजे नावाला ऑफिस, बाकी सगळा संसार गाडीत. सकाळी मंठा, दुपारी परतूर, संध्याकाळी घनसावंगी. डीलर, शेतकरी, चहा, पुन्हा गाडी. वर्षभरापूर्वी वहिनीच्या लक्षात आलं, की हा माणूस घास हातात धरून पेंगतो. रात्री इतका घोरतो, की लेक आजीच्या खोलीत झोपायला गेली. आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो! दादाचं उत्तर ठरलेलं, ‘उन्हातान्हात फिरून माणूस दमतो. उगं डोकं नको खाऊ.’

शेवटी वहिनीनं त्याला छत्रपती संभाजीनगरला झोपेच्या डॉक्टरांकडे नेलंच. डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र तपासणी झाली. निदान, स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशातला श्वासाचा मार्ग मिटतो, ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच, पुन्हा पुन्हा. माणूस आठ तास गादीवर असतो, पण झोपलेला नसतो. मग ती झोप दिवसा वसूल होते. काहींना नार्कोलेप्सी असते. त्यात बहुतेकदा मेंदूतल्या, जागं ठेवणारं ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. आजार वेगवेगळे, पण घरच्यांचा प्रश्न एकच. वहिनीनं तो सरळ विचारला, ‘डॉक्टर, यांनी गाडी चालवायची का नाही?’

आम्हाला वाटलं, एखादा रिपोर्ट बघून डॉक्टर हो किंवा नाही म्हणतील. पण असा एका फटक्यात निकाल देणारा रिपोर्ट नसतोच! दारूचं बरं असतं. नळीत फुंकर मारली की आकडा दिसतो. झोपेसाठी पोलिसांकडे अशी नळी नाही.

मग डॉक्टर तपासतात काय? सुरुवात एका साध्या कागदापासून होते. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये एपवर्थ स्केल आणली. त्यात आठ प्रसंग आहेत. वाचताना, टीव्ही बघताना, मीटिंगमध्ये गप्प बसलेलं असताना, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबलेली असताना... डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येक प्रसंगाला शून्य ते तीन मार्क. एकूण चोवीस. दहाच्या वर गेलात, की झोप प्रमाणाबाहेर आहे असं धरतात.

दादानं कागद भरला. बेरीज ६. एकदम पास! डॉक्टरांनी दुसरा कोरा कागद वहिनीकडे सरकवला, ‘आता तुम्ही यांच्याबद्दल भरा.’ वहिनीची बेरीज आली १५. माणूस एकच, घर एकच, आणि फरक नऊ मार्कांचा! दादा खोटं बोलत नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. सतत झोपाळलेल्या माणसाला तीच अवस्था नॉर्मल वाटायला लागते. डोळा लागल्याचं त्याला कळतच नाही.

कागदाच्या पुढची पायरी म्हणजे जागं राहण्याची परीक्षा, मेंटेनन्स ऑफ वेकफुलनेस टेस्ट. मंद उजेडाच्या खोलीत खुर्चीत टेकून बसायचं. मोबाईल नाही, गाणी नाही, गप्पा नाहीत. चाळीस मिनिटं फक्त जागं राहायचं. दोन-दोन तासांच्या अंतरानं असं चार वेळा. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली, तर मामला नक्की गंभीर. चारही वेळा पूर्ण जागे राहिलात, तर चांगलंच. मधला पट्टा मात्र धूसर. शिवाय परीक्षेच्या दिवशी माणूस जिद्दीनं जागा राहतो, रस्त्यावर रोज थोडीच परीक्षा असते? म्हणून डॉक्टर सगळं एकत्र बघतात. आधी कधी डुलकीनं गाडी रस्ता सोडून गेली होती का? रोज किती किलोमीटर, कोणत्या वेळी? उपचार नियमित चालू आहेत का?

तुम्ही म्हणाल, मंठ्याच्या रस्त्यावर एवढं काय! पण आता जालन्याच्या दारातूनच समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला वेगमर्यादा ताशी १२०. म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. तीन सेकंद डोळा लागला, की गाडी शंभर मीटर ड्रायव्हरशिवाय गेली! त्यात सिग्नल नाही, चौक नाही, समोर तीच ती सरळ पट्टी.

१ जुलै २०२३ च्या पहाटे जालन्यापुढे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. ड्रायव्हरनं टायर फुटल्याचं सांगितलं. आरटीओच्या तपासात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही आणि डुलकीची शक्यता चर्चेत आली. झोपेची हीच पंचाईत आहे. ती मागे खूण ठेवत नाही. म्हणून तपासायची ती आधीच.

दादाला डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं. मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाचा मार्ग उघडा ठेवणारं. आणि सांगितलं, झोप आटोक्यात येईपर्यंत स्टीअरिंगला हात लावायचा नाही. त्या रात्री घरात हिशेब मांडला गेला. फिल्डवर नाही म्हणजे टीए-डीए नाही, इन्सेंटिव्ह नाही. ईएमआय मात्र तेवढाच! दादा म्हणाला, ‘कंपनीला सांगितलं तर घरी बसवतील.’ मला त्याचा राग आला नाही. खरं बोलण्याची एवढी किंमत असेल, तर एपवर्थच्या कागदावर कोण खरं लिहील?

याच काळात वहिनीनं गाडी शिकायला घेतली. तिच्या लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरायला मी बसले. त्यात स्वतःच्या तब्येतीबद्दल जाहीर करायचं असतं. फिट येते का, शुद्ध हरपते का, नजर कशी आहे... झोपेच्या आजाराबद्दल थेट प्रश्न नाही! ब्रिटनमध्ये असा आजार लायसन्स खात्याला कळवावा लागतो. युरोपीय संघानं २०१४ मध्ये स्लीप अ‍ॅप्निया लायसन्सच्या वैद्यकीय नियमांत घातला. पण तिथे लायसन्स कायमचं जात नाही. आजार आटोक्यात आला, की परत गाडी चालवता येते. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. परतीची वाट दिसत असेल, तर माणूस खरं सांगतो.

दादानं शेवटी मॅनेजरला सांगितलं. तीन महिने ऑफिसात बसला, पैसे कमी आले, वहिनीच्या डब्यांच्या ऑर्डरींवर घर चाललं. मशीन रोज किती तास वापरलं, याची नोंद मशीनमध्येच असते. ती नोंद आणि वहिनीनं भरलेला नवा कागद, ७ मार्कांचा, बघून डॉक्टरांनी त्याला परवानगी दिली. रात्रीचं ड्रायव्हिंग मात्र अजून बंद.

आणि आपलं काय? आपल्याला आजार नाही, आपण यंग आणि फिट! शुक्रवारी सहाला उठायचं, दिवसभर ऑफिस, मग रात्री समृद्धीनं गावाकडे. अकरा वाजले की जागून सतरा तास होतात. त्या वेळी मेंदू जवळपास ०.०५ टक्के दारू रक्तात असल्यासारखा मंदावतो, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे! काच खाली करून, गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटं झोपलात, तर थोडा वेळ तरी मिळतो. आणि पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंगत असाल, तर डॉक्टर गाठा.

तो आठ प्रश्नांचा कागद या वीकएंडला जरूर भरा. फक्त स्वतः भरू नका. तुमच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाच्या हातात पेन द्या, आणि बेरीज होईपर्यंत मध्ये बोलू नका.