दोन रेषांमधलं गाव

बोटाचं एक पेर ठेवलं की हे गाव नकाशावरून नाहीसं होतं. निकोडेमस, ग्रॅहम परगणा, कॅन्सस. काळा चौकोन म्हणजे घर, चौकोनावर क्रूस असला तर चर्च, झेंडा असला तर शाळा. निळी ओढली आहे ती सॉलोमन नदी. बाकी सगळं गवताळ माळरान, मैला-मैलावर आडव्याउभ्या रेषा मारून चौकोनांत कापलेलं.

त्या रेषा माणसांच्या आधी आल्या. मोजणीदार 66 फुटांची साखळी ओढत गेले. 80 साखळ्यांचा मैल, मैलाच्या चौकोनात 640 एकर. (आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, त्या साखळीच्या बरोब्बर निम्मी. साहेबाची साखळी इथेही फिरून गेली.) मग 1877 साली केंटकीहून माणसं आली, काळी, गुलामीतून सुटून जेमतेम बारा वर्षं झालेली. 160 एकर स्वतःच्या नावावर होतील, एवढ्या एका आशेवर.

माळावर लाकूड नव्हतं. त्यांनी जमीनच खणली आणि आत राहिली. 1878 साली विलियाना हिकमन नवऱ्याबरोबर तिथे पोचली. बाकीचे आनंदाने ओरडू लागले, पण तिला गाव काही दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं, तर जमिनीतून धूर निघत होता. तेच घर. ती रडली.

पुढे दगडी घरं उठली, दुकानं, हॉटेल, वर्तमानपत्रंसुद्धा. फक्त आगगाडी यायची राहिली होती. 1888 साली रूळ पडले ते नदीपलीकडे. दुकानदार तिकडे, बोग नावाच्या गावात गेले. 1953 साली टपाल कचेरीही मिटली. 1996 साली सरकारने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवलं. तोवर राहायला मूठभर माणसं उरली होती. जुलै सरताना मात्र दूरदूरची नातवंडं-पतवंडं गावी येतात. माहेरपणच म्हणायचं.

मला राहून राहून त्या पहिल्या हिवाळ्यातली बिळं शोधावीशी वाटतात. अशा सपाट मुलखाच्या नकाशावर दोन तपकिरी समोच्च रेषांमध्ये बहुधा दहा फुटांचा चढ असतो. माणूस उभा राहील एवढा खड्डा त्यांच्यामधून सहज निसटतो. तरी मी भिंग घेऊन नदीच्या उत्तरेला हळूहळू सरकत जातो. एक रेषा. मग कोरा कागद. मग दुसरी रेषा.