तीन कोटेशनं आणि मामाचं ऊन

इलेक्ट्रिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाईकांचा एक समज पक्का होतो, हा मुलगा आता मिक्सर दुरुस्त करणार. पहिल्या वर्षी मी इस्त्र्या उघडल्या, दुसऱ्या वर्षी पंख्यांचे कपॅसिटर बदलले आणि तिसऱ्या वर्षी माझं प्रमोशन झालं. कोथरूडच्या मामाचा फोन आला, "रविवारी ये. गच्चीवर सोलर बसवायचंय. तीन कोटेशनं आलीयेत, कुठलं घेऊ ते सांग." रविवारी मेसला फीस्ट असते हे मामाला माहीत होतं, म्हणून "मामी पुरणपोळ्या करतेय" हेही त्याने जोडून टाकलं. विषय संपला!

आपल्या हॉस्टेलवाल्यांसाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे "सोलर" म्हणजे सकाळी साडेसहाला संपणारं गरम पाणी. मामाचं प्रकरण वेगळं. यात पॅनेल वीज तयार करतं, इन्व्हर्टर डीसीची एसी करतो, घरात लागेल तेवढी वापरून उरलेली महावितरणच्या तारेत जाते आणि नेट मीटर आलेली-गेलेली दोन्ही मोजतो. जास्तीचे युनिट पुढच्या बिलांतून वळते होतात. हा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि तेव्हा शिल्लक उरलेल्या युनिटला मिळणारा भाव आपण वीज घेतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे मोठी सिस्टीम टाकून वीज विकण्याचा धंदा घरगुती माणसाने मनात आणू नये.

मामा गेल्या वर्षी रिटायर झाला. खर्च ग्रॅच्युइटीतून होणार होता आणि मामेबहिणीची दोन वर्षांची फी अजून भरायची होती. म्हणजे पुरणपोळी खाऊन "कुठलंही घे मामा, सगळी सारखीच" म्हणण्यातला मामला नव्हता.

पहिलं कोटेशन सगळ्यात स्वस्त. ते देणारा माणूस घरी आलाच नव्हता, सॅटेलाइट नकाशावर गच्ची बघून त्याने ३ किलोवॉट लिहून दिले. पॅनेलपुढे फक्त "ए ग्रेड". मी फोन करून विचारलं, "डीसीआर आहेत का?" तिकडे जरा शांतता. डीसीआर म्हणजे ज्याचे सेलसुद्धा भारतात बनलेत असं पॅनेल. ते नसेल तर केंद्राची सबसिडी मिळत नाही. मग तो म्हणाला, "डीसीआर पाहिजे असेल तर रेट वेगळा." झालं, स्वस्ताई तिथेच उतरली.

दुसऱ्याचं कोटेशन म्हणजे गुळगुळीत कागदावरचं लग्नाचं आमंत्रण. "५ किलोवॉट लावा काका, बिल झिरो!" आता बिल कधी झिरो होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. शिवाय मामाच्या घरी महिन्याला सरासरी सव्वादोनशे युनिट लागतात. आपल्याकडे १ किलोवॉट दिवसाला साधारण ४ युनिट देतो, पावसाळ्यात कमी आणि मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे २ किलोवॉटमध्ये काम भागतं. "पण सबसिडी वाया जाईल ना," हे त्याचं पुढचं अस्त्र. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि पुढे शून्य. म्हणजे ३ लावा नाहीतर ५, हातात ७८,००० च येतात. शिवाय आधी सगळे पैसे आपण भरायचे, सिस्टीम चालू होऊन तपासणी झाली की सबसिडी आपल्या खात्यात येते. हे त्या गुळगुळीत कागदावर कुठेच नव्हतं.

तिसरी पार्टी अगदी साधी, दोन पार्टनर आणि एक टेम्पो. त्यांचा मुलगा टेप आणि होकायंत्र घेऊन शिडीने टाकीवर चढला होता. त्याने मामाला दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्हींमुळे मामा वैतागला होता. पहिला, लाइट बिल कोणाच्या नावावर? आजोबांच्या. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली, मीटर अजून त्यांच्याच नावावर! अर्जदार आणि ग्राहक एक असल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, म्हणजे आधी नाव बदला. दुसरा प्रश्न, "शेजारी काय होणार आहे?"

शेजारी, म्हणजे बरोबर दक्षिणेला, तीन मजली जुनी सोसायटी होती. कोथरूडमध्ये हल्ली दर गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, ही पण गेली होती. पार्किंगवर ११ मजले येणार असा बोर्ड लागलेला. मामाला तो रोज दिसत होता, पण त्याचा आपल्या पॅनेलशी संबंध त्याच्या डोक्यात आला नव्हता. बाकी दोन कोटेशनवाल्यांच्याही नाही.

मग पुरणपोळी बाजूला ठेवून गणित मांडलं. (एम-थ्रीला हे आलं असतं तर काय बहार झाली असती!) पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बाराला सूर्य क्षितिजावर फक्त ४८ अंश असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला साडेएकाहत्तर, आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर. टॉवर पॅनेलच्या पातळीपेक्षा साधारण २६ मीटर उंच होणार. दक्षिण कठड्याजवळची पॅनेल त्याच्यापासून ९ मीटरवर. २६ भागिले ९, टॅन इन्व्हर्स, ७१ अंश. म्हणजे सप्टेंबरअखेर ते मार्च, अर्धं वर्ष दुपारचं ऊन गुल! आणि पॅनेल एकमेकांना सिरीजमध्ये जोडलेली असतात, एकावर सावली पडली तरी अख्ख्या रांगेचं उत्पादन घसरतं.

मामा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. "म्हणजे माझं ऊनसुद्धा बिल्डर घेऊन जाणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उन्हाचा सातबारा नसतो.

तिसऱ्या मुलाने मात्र कोटेशनच्या मागे पेन्सिलने पर्याय काढून ठेवला होता. पॅनेल उत्तरेच्या टोकाला न्यायची. तिथे टॉवरपासूनचं अंतर १९ मीटर, कोन ५४ अंश. मग दुपारची सावली फक्त नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. तिकडे जागा २ किलोवॉटपुरतीच म्हणजे दोनशे चौरस फूट, आणि गरजही तेवढीच. अडचण एकच, ती जागा आजीच्या वाळवणाची! आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग माझे पापड सावलीत घालू का मी?" शेवटी पापड दक्षिणेला गेले. उन्हाळ्यात तिथे ऊन राहणारच आहे, हे तिला टॅन इन्व्हर्सशिवाय पटलं.

मामाने तिसऱ्यालाच काम दिलं. तो किलोवॉटमागे पहिल्यापेक्षा महाग होता, पण पॅनेल डीसीआर, स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, अर्थिंग तीन वेगवेगळे (एसी, डीसी आणि लाइटनिंग अरेस्टरचा) आणि पाच वर्षांची देखभाल, सगळं लेखी होतं. मी तेवढं लिहून घ्यायला लावलं की महिन्यातून एकदा पॅनेल धुवायची कोणी. ते काम मामाकडे आलं! महापालिका सौरऊर्जा वापरणाऱ्या घराला मिळकतकरात ५ टक्के सवलत देत आली आहे आणि गांडूळखत किंवा पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी आणखी काही केलं तर १० टक्के. मामी आता गांडुळांच्या मागे लागली आहे.

सिस्टीम चालू झाली त्याच आठवड्यात भर दुपारी लाइट गेली आणि मामीचा फोन आला, "अरे, वर एवढं ऊन आहे आणि पंखा बंद!" ग्रिडची वीज गेली की असा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीतून शॉक बसेल. मामीला पटलं, पण पंखा काही लागला नाही.

मामा आता रोज संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर दोन आकडे टाकतो. पहिला दिवसाच्या युनिटचा, दुसरा शेजारी पडलेल्या स्लॅबचा. काल होते ८.२ आणि ४.