थेंब झेलणारं काड

दर दिवाळीला मी छपरीची भिंत चुन्यानं रंगवतो आणि पहिल्या वळवातच ती खालून गुडघाभर तांबडी होते. अंगणातली माती उडून भिंतीवर चिकटते. लहानपणापासून हे बघत होतो. पण भिंतीवर उडणारी माती आणि शेतातून वाहून जाणारी माती यांची सुरुवात एकाच जागी होते, हे कळायला शेतीतली पंधरा वर्षं गेली.

पुरंदरच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं सव्वा एकर अंजीर-सीताफळ आहे. रान ढाळाचं; वर वीतभर माती, खाली मुरूम. १९७२ च्या दुष्काळात वडील तालींच्या कामावर होते. पुढं त्यांनी आमच्याही रानात ताली घातल्या. ताल भक्कम असली की माती राखली, हीच आमची समजूत. तालीनं तिचं काम चोख केलं, आजही करते. पण तालीला येऊन अडते ती जागची उठलेली माती. खालच्या टोकाला गाळाचा थर वाढत होता आणि वरच्या झाडांची मुळं उघडी पडत होती.

एका जूनमध्ये पोत्याची खोळ घेऊन भर पावसात सरीच्या कडेला बसलो. टपोरा थेंब ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगानं जमिनीवर आपटतो. ढेकळाचा कण फुटतो, चिखलाचा शिंतोडा उडतो आणि ढाळावर तो वर कमी, खाली जास्त पडतो. फुटलेली बारीक माती जमिनीच्या छिद्रांत बसते. थोड्या वेळात वर गुळगुळीत पापडी धरते आणि पाणी आत शिरायचं थांबतं. एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. पापडी धरलेल्या ढाळावर ते थांबणार कुठं? चहाच्या रंगाचं होऊन ओघळीला लागतं. म्हणजे माती राखायची तर ओघळीशी नाही, थेंब पडतो तिथंच राखायला हवी.

तेव्हा मी काडाकडं वळलो. आई म्हणाली, "अरे, गुरांच्या तोंडचा घास मातीला घालतोस?" तिचं बरोबर होतं. कडब्याच्या पेंडीला मी आजही हात लावत नाही. खालच्या बागायत पट्ट्यात हार्वेस्टरनं गहू काढला की काड रानातच पडून राहतं आणि बरेच जण ते पेटवून देतात. उन्हाळ्यात रात्री तो जाळ दिसला की माझा जीव तुटतो. ते काड मी ट्रॉलीनं आणतो. गव्हाणीतलं चघाळ आणि सोयाबीनचं भुसकटही त्यात घालतो.

पहिल्या वर्षी काड नुसतं पसरलं. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत ते तरंगलं आणि सगळंच्या सगळं तालीला जाऊन चटईसारखं साचलं. वरची जमीन पुन्हा उघडी. दोन दिवस पाट्यांनी वर वाहत होतो. तेव्हापासून काड आडवं, ढाळाला काटकोनात टाकतो. आधी पाणी शिंपडून ओलं करतो आणि हातभर अंतरावर फावड्याच्या पात्यानं थोडं थोडं मातीत दाबतो. ही दाबणी कंटाळवाणी आहे, पण सगळं तिच्यावर आहे. थर तीन बोटांचा पुरतो. फार जाड झाला तर हलकी सर वरच अडकून सुकून जाते. झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं, वाळवीही लागते. आणि काड मातीत नांगरून घालायचं नाही. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःला ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. एकदा घेवड्याच्या वाफ्यात ते भोगलं आहे.

नीट बसलेल्या काडावर पाऊस बघावा. थेंब काडावरच फुटतो, काडाच्या अंगानं घरंगळतो आणि टोकाशी येऊन सावकाश मातीत उतरतो. खाली शिंतोडा नाही. पाणी वाहतं तेही काडाकाडाशी अडत, दम खात, आणि तेवढ्यात बरंचसं मुरतं. पाऊस उघडल्यावर चार दिवसांनी शेजारच्या उघड्या पट्ट्याला भेगा पडतात, इथं काड बाजूला सारलं तर बोटांना गारवा लागतो. गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या असतात. त्या हातात घेऊन मी बराच वेळ बसतो.

दसऱ्यापर्यंत थर निम्मा होतो, पुढच्या वैशाखात पुन्हा टाकावा लागतो. गेल्या वर्षी उरलेलं चार पाट्या काड छपरीच्या कडेला पसरलं होतं. तेवढ्या भागात भिंतीचा चुना अजून पांढरा आहे. वरच्या पट्ट्याला मात्र अजून दीड ट्रॉली कमी पडते आहे आणि मृग पंधरा दिवसांवर आला.