काचेच्या आजूबाजूचा उजेड

अंबरनाथच्या शिवमंदिराचे फोटो काढणारे सकाळी लवकर जातात, नाहीतर उन्हं कलल्यावर. इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या त्या मंदिराच्या काळ्या दगडावर ऊन तिरपं आलं की कोरीवकाम उठून दिसतं. माथ्यावरचं ऊन तेच सगळं सपाट करून टाकतं. दगडापुढे चालणारी ही युक्ती काचेपुढे चालत नाही. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या फिरोजाबादी बांगड्या घेऊन बसलं की हे लगेच कळतं.

काचेवर समोरून पडलेल्या उजेडातला एका पृष्ठभागावरून जेमतेम चार टक्के परत येतो. बाकीचा आरपार जातो. म्हणजे फ्लॅश मारला तर मिळतो एक पांढरा भगभगीत ठिपका, रंग नाही. रंग काचेच्या अंगात असतो, आणि उजेड त्यातून गाळून कॅमेऱ्याकडे आला तरच तो दिसतो. म्हणून दिवा मागे. खिडकीला बटर पेपर लावायचा, त्याच्यापुढे बांगडी उभी करायची. बदलापूरच्या पावसाळ्यात बटर पेपरचीही गरज नसते. आभाळच ते काम करतं, आणि फुकट.

तरीही काहीतरी राहतं. पांढऱ्यावर ठेवलेली फिकट बांगडी कडेला विरघळून जाते. तेव्हा चौकटीच्या अगदी बाहेर, दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करायच्या. वळलेली काच त्या काळोखाला वाकवून आत घेते आणि स्वतःची कड रेखून काढते. उलटही करता येतं: बांगडीच्या मागे काळा कागद, तो चौकटीपेक्षा जरासाच मोठा, आणि त्याच्याभोवती उजेड. आता अंग काळं, कडा पेटलेल्या. मला ही दुसरी रीत जास्त आवडते, पण तिच्यात धुळीचा एकेक कण ताऱ्यासारखा चमकतो, हेही सांगायला हवं.

हिरवा चुडा मात्र एकत्र ठेवू नये. डझनभर बांगड्यांच्या जाडीत उजेड पार अडकतो आणि हिरव्याचा काळा होतो. कोबाल्टची निळी तर त्याहून हट्टी. एकच घ्यावी, तीही वाढवलेली असली तर उत्तम: तुटलेल्या तोंडातून आतले हवेचे बुडबुडे दिसतात. एकास एक आकारात एफ/८ ला जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो, आणि सेन्सरपर्यंतचा उजेड चौथाईवर येतो. शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. रुळांजवळ घर असेल तर लोकल जाईपर्यंत थांबणं आलंच.

लॅपटॉपचा पांढरा पडदा मागे ठेवून लेन्सवर पोलरायझर फिरवला की पडदा काळाभोर होतो. त्या काळ्यात एका पांढऱ्या बांगडीचा जोड तेवढा उजळला, कडेला पिवळसर झाक घेऊन. आचेवर टोकं जुळवताना काचेत राहून गेलेला ताण तो. मी फोटो हौसेने दुकानदाराला दाखवला. त्याने मोबाइल दूर धरून पाहिला आणि म्हणाला, “ताई, हा कुणाला दाखवू नका हं. जोड दिसला की गिऱ्हाईक बांगडी परत ठेवतं.”