वरातीचे वाद्य

नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात एका नाताळच्या तयारीच्या वेळी एक तरुण आम्हांस भेटावयास आला. लग्नसराईत तो बॅन्डपथकात वाजवितो. "फादर, मध्यरात्रीच्या मिस्साला मी सॅक्सोफोन वाजवू का?" आम्ही तत्काळ उत्तरलो, "बाळा, ते वरातीचे वाद्य. देवळात शोभणार नाही." तो मुकाट्याने गेला. पुढे कित्येक रविवार तो आम्हांस मिस्साला दिसला नाही.

त्या काळात आम्हांस वारंवार ब्राझ गोन्साल्विस आठवत. गोव्यातील नेवरा गावचे हे जॅझ सॅक्सोफोनवादक. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. वेदीपुढे घडलेली ही मुले पुढे पोटासाठी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. ब्राझ त्याच परंपरेतले. कलकत्त्यात पार्क स्ट्रीटवरील 'ब्लू फॉक्स'मध्ये लुई बँक्स यांच्या पियानोसोबत त्यांचा सॅक्सोफोन घुमला. जॅझवादक मूळ धून घेऊन तिचा उत्स्फूर्त विस्तार करतो. आपला ख्यालगायक रागाची बढत करतो, तसाच. हे नाते ओळखून ब्राझ यांनी भारतीय राग जॅझमध्ये आणले. १९७० साली त्यांची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका निघाली. मुंबईत १९७८ साली सुरू झालेल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाच्या मंचावरही ते वाजविते झाले.

देवळातून जगात गेलेल्या संगीताचा आम्ही अभिमान मिरवितो आणि जगातून देवळात येऊ पाहणाऱ्या वाद्यास दार लावतो, हे कसे? बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. त्याचा देह पितळेचा. परंतु सूर उमटतो तो बोरूच्या इवल्या पातीतून, वादकाच्या श्वासाने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच पवित्र उपासनेस साजेशा वाद्यांना वाव दिला. सेमिनरीत आम्ही ते वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते!

प्रायश्चित्तकाळात आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. वाद्य कापडात गुंडाळून खुंटीस टांगलेले होते. "आमचे चुकले," आम्ही म्हणालो. "ईस्टरला वाजवशील?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने वाद्य खाली काढले, पाती ओठांत धरून ओली केली आणि विचारले, "कोणते गीत, फादर?"