दोन घरांतली बाळुती

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपली रीत. २०१६ च्या उन्हाळ्यात ती आम्हाला पाळता आली नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. ज्या गावाला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागते, त्या गावात बाळंतीण आणि तान्हे बाळ कसे आणावे? मुलगी नांदेडला सासरीच राहिली आणि माझी पत्नी तिकडे गेली. लातूरच्या घरात उरलो मी आणि माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली होती.

आईला बाजारातले डायपर सोसत नव्हते. त्या उकाड्यात प्लास्टिकखाली घाम साचे आणि मांड्यांना पुरळ उठे. म्हणून पत्नीने तिच्याच जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या शिवून ठेवल्या होत्या. लहान बाळाची असतात तशीच ही बाळुती, आकाराने मोठी एवढेच. ती धुण्याचे काम आजवर पत्नी करी. मी निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती, पण या कामाला माझा हात कधी लागला नव्हता.

पाणी वाचवावे म्हणून मी एक युक्ती काढली. झाकणाच्या बादलीत साबणाचे पाणी करून खराब बाळुती त्यात टाकीत जायची आणि दोन दिवसांनी एकदम धुवायची. जंतू मरावेत म्हणून वर थोडे फिनेल. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा डोळ्यांना झोंबणारा दर्प आला. तो घालवायला मी त्यात ब्लीचिंग पावडर टाकली आणि खोकत खोकत अंगणात आलो. ही माझी चूक जिवावरची होती, हे नंतर कळले. मुरलेल्या लघवीत अमोनिया असतो आणि त्याला ब्लीचिंग पावडर मिळाली की विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तर हे कधीच करू नये.

आठवडाभरात आईच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी लाली दिसू लागली. बोटाने दाबले तरी ती जाईना. आमच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी आधी आईला पाहिले, मग माझी बादली पाहिली.

“भाऊ, हे धुणं आहे की लोणचं मुरवायला घातलंय?” त्यांनी विचारले.

मग दोरीवरचे एक वाळलेले बाळुते घेऊन त्यावर त्यांनी चमचाभर पाणी ओतले. ते कापडात न जिरता थेंब होऊन घरंगळले. दुसरे बाळुते त्यांनी स्वच्छ पाण्याच्या मगात खळबळले, तर पाण्याला फेस आला. साबण कापडातच राहिला होता. त्या उन्हाळ्यात आम्हाला मिळणारे पाणी बोअरचे, क्षारांचे. अशा पाण्यात साबणाच्या वडीचा फेस होत नाही, साका मात्र धाग्यांत बसतो. कापड कडक होते, ओल शोषत नाही आणि ती ओल कातडीपाशीच राहते. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते. तिला साबण, अमोनिया आणि ओल हे तिन्ही एकदम कसे सोसावे?

त्यांनी मला भिजवण्याची बादली कायमची बंद करायला लावली. लघवीतल्या युरियाचा अमोनिया जिवाणू करतात, आणि झाकणाखालच्या कोमट पाण्यात त्यांचे फावते. म्हणजे भिजत घातल्याने घाण सुटत नाही, वाढते. कापड काढल्याबरोबर मगभर गार पाण्याने खळबळायचे, पिळायचे आणि जाळीच्या उघड्या टोपलीत सुटे टाकायचे. शौचाचे असेल तर आधी संडासात खरवडून घ्यायचे. त्यासाठी मी एक जुना उलथना वेगळा ठेवला. पहिले पाणी गारच हवे, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. टोपलीला झाकण नको. हवा खेळली की दर्प कोंडत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी पटले. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात धुणे रोजच्या रोज.

रोज दहा-बारा बाळुती निघत. त्यांना एक बादली कढत पाणी आणि बिनवासाची धुण्याची पावडर, तीही मापून. हाताने चांगले चुबकायचे. मग फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळायचे. यात मात्र काटकसर नाही. शेवटच्या खळबळीचे पाणी मी त्या दिवशीच्या पुढच्या बाळुत्यांच्या पहिल्या धुण्याला वापरी आणि ते गढूळ झाले की संडासात ओती. पूर्वी पाच बादल्या लागत, आता अडीच पुरू लागल्या. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण मी हौसेने आणले होते, तेही परिचारिकाबाईंनी परत करायला लावले. त्याचा थर बसला की कापड पाणी पीत नाही.

लालीसाठी डॉक्टरांना दाखवले. दर दोन तासांनी कूस बदलणे आणि ओले बाळुते क्षणभरही अंगाखाली न ठेवणे, एवढे त्यांनी बजावले. रात्री मी घड्याळाचा गजर लावून उठू लागलो. पहिल्या रात्री आईने माझा हात धरला.

“पुरुषासारखा पुरुष अन् हे काय करायलास रे? मला मेली लाज वाटायली.”

मी काही बोललो नाही. काय बोलावे हे सुचलेच नाही.

नांदेडहून पत्नीचा फोन रोज रात्री येई. मे महिन्यात नात झाली आणि आमचे बोलणे दोन्हीकडच्या बाळुत्यांभोवती फिरू लागले. “अहो, टोपली उघडी ठेवली ना?” ती विचारी आणि मी ठसक्यात “तुझी आहे का?” असे विचारी. तिने बाळासाठी सासरच्या पेटीतले जुने मलमल काढले होते. बालरोगतज्ज्ञांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारले, पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या का? होत्या. ते कपडे बाळाला मुळीच वापरू नका, असे त्यांनी सांगितले. काही बाळांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाच्या अंगाशी नॅफ्थलीनच्या गोळ्यांतले कपडे आले की तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कोणते बाळ तसे आहे, हे वरून दिसत नाही. आपल्या पिढीतल्या किती आज्यांनी हौसेने पेटीतली दुपटी काढली असतील! पत्नीने त्या दिवशी स्वतःची वापरातली सुती साडी फाडली आणि घड्या शिवल्या. तिच्याच काठाचा दुसरा तुकडा येणाऱ्याबरोबर आईसाठी लातूरला पाठवला.

आईची लाली तीन आठवड्यांत ओसरली. तंटा उरला तो दोरीचा. ऊन होते पुढच्या अंगणात. तिथे रस्त्यावरून सगळे दिसते, म्हणून आई हट्टाने सांगे, “माझी मागं लाव.” मागे सावली, तिथे वाळलेल्या बाळुत्यांना कुबट वास राही. शेवटी मी ती गच्चीवर नेऊ लागलो. गुडघे कुरकुरत, पण एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरात कापड खडखडीत वाळे आणि पिवळे डागही फिके पडत.

सप्टेंबरअखेर पाऊस असा लागला की मांजरा भरले. पाणी आले आणि ऊन गेले. वाळल्यासारखे वाटणारे बाळुते घडीत दमट असते, म्हणून प्रत्येकावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवायची आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी करून उघड्या फळीवर ठेवायची, हे काम त्या दिवसांत वाढले.

दिवाळीला मुलगी बाळाला घेऊन आली. सकाळी पत्नीने नातीची बाळुती पुढच्या अंगणात दोरीवर घातली. आईची खाट खिडकीशी होती. एकाच साडीच्या काठाची ती लहान लहान बाळुती ती बराच वेळ पाहत राहिली. मी तिची बादली घेऊन जिन्याकडे निघालो, तर तिने हाक मारली.

“गच्चीवर कशाला जातूस? तिच्या शेजारी लाव माझीबी.”